बंदरावरचं बंदरावर, कानातलं कानात

नौपाड्यातल्या एका गल्लीच्या तोंडाशी, पिठाची गिरणी आणि शिंप्याचं दुकान यांच्या बेचक्यात, 'शीला टायपिंग इन्स्टिट्यूट' होती. मालक पोपटराव शेडगे. बारशाला हे नाव सुचलं तेव्हा मूल पाळण्यात होतं, म्हणजे आईबाप दूरदृष्टीचे असले पाहिजेत. पोपटरावांना खाल्लेलं अन्न पचायचं, ऐकलेली बातमी पचायची नाही.

आधी ते वागळे इस्टेटीतल्या एका कंपनीत साहेबांचे टायपिस्ट होते. सकाळी टाइप केलेलं गोपनीय पत्र जेवणाच्या सुट्टीपर्यंत कॅन्टीनमधल्या आचाऱ्यालाही तोंडपाठ झालेलं असे. त्यात लबाडी नव्हती. कुणाची बढती झाली तर ती त्याला दोन दिवस आधी कळून त्याचे दोन दिवस जास्त आनंदात जावेत, एवढाच उमाळा असायचा. साहेब हुशार होते. एखादी गोष्ट सगळीकडे पोचवायची असली की ते कागदावर 'अत्यंत गोपनीय' लिहून पोपटरावांच्या हाती देत. परिपत्रकाचा खर्च वाचे.

गंमत म्हणजे इन्स्टिट्यूटमध्ये पोपटराव प्रत्येक नव्या बॅचला पहिला धडा एकच देत. "टायपिस्टनं अक्षरं बघायची, मजकूर बघायचा नाही. मजकुरात शिरलात की बोट घसरलं." मुली माना डोलवत आणि शीलावहिनी आतल्या खोलीत हसू दाबत.

दुकानाबाहेर एक फळा होता. त्यावर पाण्याच्या वेळा, हरवलेली छत्री, सापडलेला चष्मा, बारावीला कुणाची मुलगी पास झाली, असं सगळं असे. खडू सुतळीला बांधून टांगलेला. कुणीही यावं, लिहावं. 'गणपतीतली चपलांची अदलाबदल मिटली, उरलेला डावा जोड ज्याचा असेल त्याने न्यावा' असली नोंदही तिथं वाचायला मिळे. टांगलेल्या खडूला पोपटराव लोकशाही म्हणत.

सत्त्याण्णव सालच्या आसपास टायपिंगला येणाऱ्या मुली 'कम्प्युटर शिकवता का' असं दारातूनच विचारून परत जायला लागल्या. तेव्हा पोपटरावांनी अर्धी मशिनं काढून टाकली आणि एक जुना कम्प्युटर आणला. पाठोपाठ इंटरनेट आलं. ते फोनच्या तारेतून यायचं आणि येताना आधी किंचाळायचं. शीलावहिनी म्हणत, मांजराची शेपूट दारात सापडली तरी ते एवढं ओरडत नाही. पडद्यावर चित्र नाही, रंग नाही, नुसती काळ्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं. लोक त्याच अक्षरांत मराठी लिहीत, आणि वाचणारा ती मोठ्यानं वाचून मराठी करून घेई.

अख्ख्या गल्लीत ईमेलचा पत्ता एकच, शीलावहिनींच्या नावाचा. मस्कत, सिंगापूर, न्यू जर्सी, जिथं जिथं गल्लीतली मुलं गेली होती तिथून सगळे त्याच पत्त्यावर लिहीत. शीलावहिनींना मूलबाळ नव्हतं, पण त्यांच्या नावावर रोज दोन-तीन 'प्रिय आई' येऊन पडत. त्या प्रत्येक पत्र आधी एकदा मनातल्या मनात वाचत आणि मग ज्या आईचं असेल तिला हाक मारत.

पत्रं छापून कुठं ठेवायची हा प्रश्न पोपटरावांना पडलाच नाही. बाहेर फळा होता, डब्यात टाचण्या होत्या. रखमाबाईंच्या मस्कतच्या मुलानं गल्लीतल्या पंढरी नावाच्या मित्राला लिहिलं की, आईनं पाठवलेले लाडू इतके कडक झालेत की एक दाराला अडण म्हणून लावलाय. ते पत्र सकाळी फळ्यावर गेलं. रखमाबाई भाजी घेऊन येताना तिथं थांबल्या. त्या दिवसापासून त्या गल्लीच्या दुसऱ्या टोकानं जायला लागल्या, आणि पंढरीनं पोपटरावांना शांतपणे समजावलं, "काका, ईमेल म्हणजे पाकीट आहे. बंद पाकीट. तुम्ही ते फोडून दोरीवर वाळत घालताय."

पोपटरावांना खरंच वाईट वाटलं. एवढा खटाटोप करून गोष्ट सातासमुद्रापलीकडून आणायची आणि एकाच माणसाला सांगायची, यात त्यांना जिवाचा नुसता कोंडमारा दिसे. पण त्यांनी शब्द दिला, की पाकीट ते पाकीट.

त्यांचं हे दुःख पाहून पंढरीनंच त्यांना न्यूजग्रुप दाखवला. परदेशातल्या मराठी माणसांचा एक गट होता. तिथं कुणीही काहीही लिहावं, ते जगभर कुणालाही दिसे, आणि कुणीही त्याला उत्तर देई. गोडा मसाला कुठं मिळतो इथपासून मराठी भाषा कुणी बुडवली इथपर्यंत तिथं वाद चालत. पोपटराव पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "अरे, हा तर आपला फळा. खडूची सुतळी तेवढी लांब आहे."

आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यावर लिहिलं, 'उद्या नौपाड्यात पाणी सकाळी सहा ते सात. भरून ठेवावे.'

गटातल्या काही विद्वानांनी कपाळाला हात लावला असेल. पण शिकागोहून एका गृहस्थाचं उत्तर आलं, 'आभारी आहे. बादली भरून ठेवतो.' तो मूळचा नौपाड्यातलाच निघाला. पुढं त्यानं लिहिलं होतं की ती ओळ वाचली आणि पहाटेच्या अंधारात नळाखाली पहिल्यांदा वाजणारी रिकामी बादली त्याला ऐकू आली. ऑफिसात बसल्या बसल्या डोळ्यांत पाणी आलं, पण ते सहा ते सात नव्हतं, दिवसभर येत राहिलं. तेव्हापासून पोपटराव पाण्याची वेळ रोज दोन्ही फळ्यांवर लिहायला लागले.

दुकानाबाहेरच्या फळ्याखाली सगुणाबाई बसत. चेंदणी कोळीवाड्यातल्या. गल्लीत मासळी विकून झाली की रिकामी पाटी बाजूला ठेवून इन्स्टिट्यूटच्या पायरीवर टेकायचं आणि शीलावहिनींच्या हातचा चहा घ्यायचा, हा त्यांचा अनेक वर्षांचा रिवाज. पोपटराव सातारा बाजूचे. ठाण्यात आले तेव्हा त्यांना बोंबील आणि मांदेली यांतला फरक कळत नव्हता. तो सगुणाबाईंनी शिकवला, आणि त्या बदल्यात त्या पोपटरावांना 'मास्तर' म्हणायच्या. मास्तर या शब्दात आदर किती आणि टोमणा किती हे त्या दिवसाच्या विक्रीवर असे.

त्या वर्षी सगुणाबाईंच्या मंजुळाचं लग्न वैशाखात ठरलं. गल्लीनं पेढे खाल्ले. सगुणाबाई मात्र चहा गार होईतो कपात बघत बसायला लागल्या. पोपटरावांनी खोदून खोदून काढलं तेव्हा कळलं. नवरीला मांडवात हाताला धरून आणायचं, अंतरपाटाच्या मागं तिच्या पाठीशी उभं राहायचं, ते मामानं. आणि मंजुळाचा मामा, सगुणाबाईंचा एकुलता एक भाऊ दामाजी, कुठं आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

गोष्ट जुनी होती. त्यांचा बाप गुणाजी गेला. कारखान्यांच्या पाण्यानं खाडीतली मासळी तोवर रोडावली होती, बापाची होडी चिखलात नुसती पडून होती. दामाजीनं एक दिवस ती मोडून टाकली. सगुणाबाई तेव्हा गावाला गेल्या होत्या. परत आल्या त्या नेमक्या नारळी पुनवेला. सगळा कोळीवाडा सजून, नारळ घेऊन बंदरावर जमलेला. त्यांनी तिथंच भावाला जाब विचारला, आणि दामाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "जा, मला बहीण नाही." मग तो जहाजावर खलाशी म्हणून गेला. बऱ्याच काळानं कुणीतरी सांगितलं की अमेरिकेत ह्यूस्टन नावाच्या बंदरात उतरला आणि तिथंच राहिला. त्यापुढं काही नाही.

"पत्ता नाय," सगुणाबाई म्हणाल्या. "पत्ता नाय तर तुमचा ता पाकीट टाकू कुठं?"

पोपटरावांनी आयुष्यभर ज्या क्षणाची वाट पाहिली होती तो आला. पत्ता असलेल्या माणसाला पाकीट, पण ज्याचा पत्ताच नाही त्याला हाक मारायची तर चौकात जावं लागतं. ते लगेच मशीनवर बसले आणि न्यूजग्रुपवर लिहिलं की, चेंदणी कोळीवाडा, ठाणे, येथील दामाजी गुणाजी कोळी, सध्या ह्यूस्टनकडे, कुणाला माहीत आहेत का? भाचीचं लग्न आहे. मामाशिवाय अडलं आहे.

उत्तरं भरपूर आली. एकानं कोळी समाजाच्या उत्पत्तीवर लांबलचक निबंध लिहिला, दुसऱ्यानं त्यातल्या चुका काढल्या, आणि दोघं तिथंच जुंपले. एकानं ह्यूस्टनमध्ये ओलं खोबरं कुठं मिळतं ते कळवलं. शिकागोवाल्यानं आपल्या ओळखीतल्या सगळ्यांना विचारलं. पोपटराव रोज सकाळी जोडणी लावत, मांजर किंचाळे, सगुणाबाई पायरीवरून मान आत घालत आणि पोपटराव मान हलवत.

मग ह्यूस्टनच्या जवळून एका डॉक्टरीणबाईंनी लिहिलं. नाव काही त्यांना माहीत नव्हतं. पण गेल्या गणपतीत त्यांच्या मराठी मंडळानं कोळीनृत्य बसवलं होतं. नाच चालू असताना मागच्या रांगेतून एक काळासावळा, रुंद खांद्यांचा माणूस उठला आणि सरळ स्टेजवर चढला. कुणाला काही कळायच्या आत त्यानं एकेका नर्तकाच्या हातातलं वल्हं काढून घेतलं, उलटं करून परत हातात दिलं आणि खाली उतरला. सगळ्यांनी वल्ही उलटी धरली होती. जेवायला थांबला नाही. बंदरात क्रेन चालवतो असं कुणीतरी म्हणालं होतं. हाच तर नसेल?

पोपटरावांनी हे वाचून दाखवलं तेव्हा सगुणाबाईंनी पदर तोंडावर घेतला. आधी खांदे हसताना हलले, आणि मग हलायचे थांबेनात. शीलावहिनी येऊन शेजारी बसल्या.

"तोच," सगुणाबाई म्हणाल्या. "वल्हा उलटा धरला का बा त्याला टपली मारायचा."

डॉक्टरीणबाई भल्या. पोपटरावांचा मजकूर छापून घेऊन त्या स्वतः बंदरावर गेल्या, आणि चारच दिवसांत त्यांच्या पत्त्यावरून दामाजीचं ईमेल आलं. पाकीट. पोपटरावांनी ते फळ्यावर लावलं नाही. शेजारच्या शिंप्यानं 'काय विशेष' विचारलं तर हवेबद्दल बोलले. शीलावहिनींना सांगितलं, पण बायकोला सांगणं हे सांगणं नव्हे. सगुणाबाई आल्यावर त्यांना आत बोलावलं, शटर अर्ध्यावर ओढलं आणि कुजबुजत वाचलं. ताई, माझं चुकलं, बोलावशील तर येईन, असं थोडक्यात होतं. वाचून झाल्यावर पोपटरावांनी अभिमानानं वर पाहिलं. मजकुराबद्दल नव्हे, इतकं हळू वाचल्याबद्दल.

सगुणाबाई नाही म्हणाल्या.

पोपटरावांना वाटलं, आपण फारच हळू वाचलं. ते पुन्हा वाचायला लागले तर त्यांनी हात वर करून थांबवलं.

"ऐकला मी. पण मना हा कानान नको, मास्तर. तो बोलला कुठं? बंदरावर, सगल्यांच्या म्होरं. आमच्या घरान रीत हाय. बंदरावर बोललेला बंदरावर फिरवायचा. घरान येऊन पाया पडला तरी बा घ्यायचा नाय."

"अहो, पण तो सात समुद्रांपलीकडे आहे. बंदरावर कसा येणार माफी मागायला? आधी मागेल तेव्हा येईल ना?"

"मग तुमच्या त्या मोठ्या फल्यावर बोलूदे. तिथं सगला जग वाचतंय ना? तुम्हीच तं सांगता."

आयुष्यात पहिल्यांदा पोपटरावांनी एक गोष्ट गुपचूप सांगितली, तर समोरच्याला ती जगजाहीर हवी होती. त्यांनी जड बोटांनी उत्तर टाइप केलं. ताई म्हणते, चारचौघांत बोललास, चारचौघांत परत घे.

दामाजीचं उत्तर आलं नाही.

दिवस जायला लागले. मंजुळाच्या साड्या आल्या, हळदीचा मांडव ठरला. कोळीवाड्यातले जाणते म्हणाले, चुलतमामा धाकू आहे की, तो उभा राहील. सगुणाबाईंनी होही म्हटलं नाही आणि नाहीही. मासळी कापताना त्यांचा हात मधेच थांबे आणि गिऱ्हाईक ताटकळे. पोपटराव सकाळ-संध्याकाळ जोडणी लावून बघत. दामाजी रागावला असणार. समुद्रापलीकडून माणूस हात पुढं करतो आणि इथून त्याला सांगायचं की असा नको, तसा कर. एवढं ताणायला नको होतं. थोडं कानात घेतलं असतं तर काय बिघडलं असतं, असं ते एकदा बोलून गेले.

"अहो, तुम्ही म्हणताय हे?" शीलावहिनी म्हणाल्या.

मग एका सकाळी न्यूजग्रुपवर, गोडा मसाला आणि भाषेची अधोगती यांच्या मधोमध, हे होतं:

'मी दामाजी गुणाजी कोळी, चेंदणी बंदर, ठाणे. नारळी पुनवेला मी बंदरावर सगळ्यांसमोर बोललो की मला बहीण नाही. ते खोटं होतं. मला बहीण आहे. तिचं नाव सगुणा.'

खाली डॉक्टरीणबाईंनी दोन ओळी जोडल्या होत्या. दामाजीला कम्प्युटर येत नव्हता. पहिलं पत्र त्याच्या सांगण्यावरून त्यांनीच टाइप केलं होतं. हेही करून देते म्हटलं तर तो नको म्हणाला, माझ्या तोंडचं मीच बोलणार. रोज कामावरून सुटला की येऊन बसायचा आणि कुठलं अक्षर कुठं आहे ते शिकायचा. म्हणून उशीर झाला.

त्या दिवशी गटावर कुणी भांडलं नाही. एक गृहस्थ होते, ते प्रत्येकाच्या लिखाणातल्या चुका काढून कळवीत. त्यांनीही खाली फक्त 'नमस्कार' एवढंच लिहिलं.

सगुणाबाईंनी तो छापलेला कागद फळ्यावर लावू दिला नाही. पोपटरावांना सोबत घेतलं आणि थेट बंदरावर नेलं. संध्याकाळी तिथं नेहमीची माणसं बसलेली असतात, जाळी विणणारी, नुसतीच खाडीकडे बघणारी. साताऱ्याकडच्या पोपटरावांनी भरतीच्या वाऱ्यात उभं राहून तो मजकूर मोठ्यानं वाचला. त्यांच्याएवढा योग्य माणूस या कामाला ठाणे जिल्ह्यात मिळाला नसता. पण शेवटच्या ओळीला आवाज बसला, आणि मागच्या लोकांनी 'काय म्हनला, काय म्हनला' केलं तेव्हा सगुणाबाईंनी स्वतःच सांगितलं, "मना बहीण हाय म्हनला."

नारळी पुनवेच्या त्या भांडणाला हजर असलेली आवडाबाई म्हातारी जाळ्यातून मान वर न काढता म्हणाली, "ऐकला. आता ये म्हना त्याला."

दुकानात परत आल्यावर पोपटराव उत्साहात मशीनसमोर बसले. जगभरचे लोक वाट बघत असणार. न्यूजग्रुपवर सगुणाबाईंचं उत्तर आता कसं झोकात गेलं पाहिजे, याचं पहिलं वाक्यही त्यांनी जुळवून ठेवलं होतं.

"हा तिथं नाय," सगुणाबाई म्हणाल्या. "हा पाकिटान."

"का हो? तुम्हीच म्हणालात ना, चारचौघांत?"

त्यांनी एकदा दाराकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तो जाताना मीपन त्याला बोलले, मास्तर. वाईट बोलले. बंदरावर नाय, त्याच्या कानान. त्याच्याबिगर कुनी ऐकलेला नाय. मंग कानातला कानानच फिरवायला पायजे ना?"

शीलावहिनी उठल्या आणि बाहेर फळा पुसायला गेल्या. तो स्वच्छ झाला, तरी बराच वेळ पुसत राहिल्या.

आत सगुणाबाई सांगत होत्या आणि पोपटराव टाइप करत होते. वर्षानुवर्षं पोरींना शिकवलेला धडा त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःला लावून पाहिला, नुसती अक्षरं बघायची, मजकुरात शिरायचं नाही. जमलं नाही. दोनदा बोट घसरलं, एकदा चष्मा पुसावा लागला. पत्र गेलं. मशीनमध्ये राहिलेली नक्कलही त्यांनी पुसली.

सगुणाबाईंनी भावाला कानात काय म्हटलं असेल, यावर मग गल्लीत तर्क सुरू झाले. शिंपी रोज चहाला बोलवी. ईमेल म्हणजे बंद पाकीट असं बजावणारा पंढरीसुद्धा एकदा सहज म्हणून विचारून गेला. शीलावहिनींनी विचारलं नाही, पण एका गुरुवारी विनाकारण पुरणपोळ्या केल्या. पोपटरावांनी त्या तूप लावून खाल्ल्या आणि हात धुतले. गरम बटाटेवडा तोंडात धरून बसलेल्या माणसासारखी त्यांची दशा होती. पण वडा त्यांनी गिळला.

दामाजी लग्नाच्या दोन दिवस आधी आला. घरी जायच्या आधी बंदरावर गेला. सगुणाबाई तिथं उभ्या होत्या. दोघं काही बोलले नाहीत. जे होतं ते बोलून झालं होतं, ज्याच्या त्याच्या ठिकाणी. मंजुळाला मांडवात आणताना त्यानं तिचा हात इतका घट्ट धरला की ती हळूच म्हणाली, मामा, बांगड्या फुटतील.

पंगतीत तो पोपटरावांच्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ पानातल्या भाताशी खेळत राहिला.

"मास्तर, ताईचं ते शेवटचं पत्र... तुम्हीच टाइप केलंत ना?"

"हो, केलं."

"मग तुम्हाला ठाऊकच असेल."

पोपटरावांनी पाण्याचा पेला उचलला, खाली ठेवला. "टायपिस्ट अक्षरं बघतो हो," ते म्हणाले. "मजकूर बघत नाही."

दामाजीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग वाढणाऱ्याला थांबवलं आणि माशाच्या कालवणातला मधला तुकडा मास्तरांच्या पानात स्वतःच्या हातानं वाढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोपटरावांनी दोन्ही फळ्यांवर एकच मजकूर लिहिला: 'पाणी सहा ते सात. मंजुळाचं लग्न छान झालं. मामा आलेला.' गल्लीतल्या फळ्याखाली नेहमीसारखी माणसं थांबली, वाचून पुढं गेली. रखमाबाईही बऱ्याच दिवसांनी गल्लीच्या या टोकानं आल्या होत्या.

दुपारी शिकागोचं उत्तर आलं. 'दोन्ही बातम्या पोचल्या. बादली भरली.'